औषधद्रव्याची शुद्धता एनएमआरने मोजताना: नमुन्यापासून अहवालापर्यंत

एखाद्या औषधद्रव्याची शुद्धता ९९.२ टक्के आहे असे एचपीएलसीच्या (पदार्थ वेगवेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणाऱ्या पद्धतीच्या) पीकांच्या क्षेत्रफळावरून आपण लिहितो, तेव्हा नमुन्यातला प्रत्येक पदार्थ त्या तरंगलांबीचा प्रकाश सारख्याच प्रमाणात शोषतो, असे आपण न बोलता धरून चाललेले असतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. शिवाय नमुन्यातले पाणी, अकार्बनी क्षार आणि अतिनील प्रकाश न शोषणारी द्रावके त्या आलेखात उमटतच नाहीत. खरा मजकूर, म्हणजे नमुन्यात औषधद्रव्य प्रत्यक्षात किती आहे, तो काढायचा तर त्याच पदार्थाचा प्रमाणित संदर्भनमुना लागतो, आणि रेणू नवा असेल तर असा संदर्भनमुना जगात कुठेच नसतो; तो आपल्यालाच तयार करून त्याची शुद्धता आधी ठरवावी लागते.

हा पेच एनएमआर सोडवते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन असे तिचे लांबलचक मराठी नाव आहे. प्रयोगशाळेत सगळे एनएमआरच म्हणतात. या पद्धतीत सिग्नलचे क्षेत्रफळ त्या सिग्नलला जबाबदार असलेल्या अणुकेंद्रांच्या संख्येशी थेट प्रमाणात असते, मग ती केंद्रे कोणत्याही रेणूत असोत. त्यामुळे ज्याची शुद्धता पक्की ठाऊक आहे अशा एखाद्या साध्या पदार्थाच्या मोजपट्टीने संपूर्ण अनोळखी रेणूही मोजता येतो. मात्र हे प्रमाण काही अटी पाळल्या तरच टिकते. माझा अनुभव असा की चुकीच्या आकड्यांचे मूळ चुंबकात फार क्वचित सापडते; बहुतेक वेळा ते वजनकाट्यावर किंवा दोन पल्समधल्या (नमुन्याला दिलेल्या रेडिओलहरींच्या झटक्यांमधल्या) अपुऱ्या थांब्यात असते. म्हणून या लेखात त्या दोन जागांवर मी जास्त वेळ थांबणार आहे.

प्रश्न आधी, प्रयोग नंतर

नमुना विरघळवण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे ते वहीत एका वाक्यात लिहून काढावे. हा पदार्थ तोच आहे का, हा ओळखीचा प्रश्न आहे. त्याला दहा मिनिटांचा प्रोटॉन (हायड्रोजन केंद्रांचा) वर्णपट आणि शेजारी ठेवायला संदर्भाचा वर्णपट पुरतो. या अपद्रव्याची रचना काय, या प्रश्नाला कार्बन-१३ आणि द्विमितीय प्रयोग लागतात, आणि नमुना तुटपुंजा असला तर रात्रभराचे यंत्र लागते. किती आहे, हा प्रश्न तिसरा; त्यासाठी लागणारी मापनाची मांडणी पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळी असते. ओळखीसाठी घाईत काढलेल्या वर्णपटावरूनच नंतर शुद्धतेचा आकडा काढण्याचा मोह सर्वांना होतो. तो टाळावा, का, ते पुढे आकड्यांतून दिसेल.

नमुना

द्रावक निवडताना नमुना पूर्ण विरघळतो का, हे पहिले पाहावे. तळाशी किंचितही कण राहिले तर वर्णपट फक्त विरघळलेल्या भागाचा येतो, आणि चुंबकीय क्षेत्राची समता बिघडून सिग्नल रुंदावतात ते वेगळेच. ड्युटेरियमयुक्त (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेला) क्लोरोफॉर्म स्वस्त आणि सोयीचा असतो, पण जुन्या बाटलीत आम्ल साचते आणि आम्लाला नाजूक असलेला रेणू नळीतच तुटू लागतो. बहुतेक औषधद्रव्यांना डीएमएसओ-डी६ (ड्युटेरियमयुक्त डायमिथिल सल्फॉक्साइड) मानवते. त्यात एनएच आणि ओएच गटांचे प्रोटॉनही स्पष्ट दिसतात. त्याची अडचण अशी की ते हवेतले पाणी ओढून घेते आणि १८९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत असल्याने नमुना परत मिळवणे कष्टाचे होते. मौल्यवान, काही मिलिग्रॅमच असलेले अपद्रव्य डीएमएसओमध्ये टाकण्यापूर्वी ड्युटेरियमयुक्त मिथेनॉल चालेल का, हे तपासून पाहावे.

द्रावकात उरलेल्या साध्या प्रोटॉनचा सिग्नल कुठे येतो ते पाठ असलेले बरे: क्लोरोफॉर्म ७.२६, डीएमएसओ २.५०, मिथेनॉल ३.३१, जड पाणी ४.७९ पीपीएम (वर्णपटाच्या आडव्या अक्षावरचे एकक). डीएमएसओमधले पाणी ३.३३ च्या आसपास दिसते आणि तापमान, तीव्रता, आम्लता यांनुसार सरकते. आपल्या रेणूचा महत्त्वाचा सिग्नल नेमका तिथेच येत असेल तर द्रावक बदलावे.

प्रोटॉन वर्णपटासाठी ५ ते १० मिलिग्रॅम नमुना ०.६ मिलिलिटर द्रावकात पुरतो. ५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत या द्रवाची उंची सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास भरते. द्रव कमी भरला तर त्याची कड प्रोबच्या (सिग्नल टिपणाऱ्या भागाच्या) कॉइलजवळ येते आणि शिमिंग (चुंबकीय क्षेत्र नमुन्याभर एकसारखे करणे) काही केल्या जमत नाही. द्रावण गढूळ असेल तर ते कापसाच्या बोळ्यातून किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळावे, मात्र मजकूर मोजायचा असेल तर गाळू नये. तिथे पूर्ण विरघळवणारे द्रावकच शोधावे. नळीवर ओरखडे नसावेत, ती वाकडी नसावी आणि ओव्हनमध्ये तापवून वाळवलेली नसावी, कारण उष्णतेने अचूक नळ्यांचा आकार बिघडतो. बाहेरून बोटांचे ठसे पुसूनच नळी स्पिनरमध्ये घालावी.

यंत्रावर

चुंबकाच्या खोलीत शिरण्याआधी खिसे रिकामे करावेत, आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीने ५ गाउसची रेषा ओलांडू नये. अतिवाहक चुंबकाची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, सुमारे ४.२ केल्विनला, बुडालेली असते. चुंबक क्वेंच झाले (त्याची अतिवाहकता अचानक गेली) की हे हेलियम झपाट्याने वायू होऊन खोलीतला ऑक्सिजन हटवते. अशा वेळी काहीही वाचवायला न थांबता बाहेर पडावे.

नळी आत उतरल्यावर तापमान स्थिर होऊ द्यावे. २५ अंशांवर पाच मिनिटे थांबणे पुरेसे असते. मग लॉक (ड्युटेरियमच्या सिग्नलवर चुंबकीय क्षेत्र स्थिर धरणे), ट्यूनिंग-मॅचिंग (प्रोब वारंवारतेला जुळवणे) आणि शिमिंग याच क्रमाने करावे. स्वयंचलित नमुनाबदलक असलेल्या यंत्रावर ट्यूनिंग गाळण्याची सवय लागते, आणि क्षारयुक्त किंवा पाण्यातल्या नमुन्याला ती नडते, कारण असा नमुना प्रोबचे ट्यूनिंग सरकवतो आणि ९० अंशांची (सर्वाधिक सिग्नल देणारी) पल्स प्रत्यक्षात ९० अंशांची राहत नाही. शिमिंग नीट झाले की नाही ते आकड्यावरून न ठरवता एखाद्या सुट्या सिग्नलच्या पायथ्याकडे पाहून ठरवावे: तो दोन्ही बाजूंना सारखाच उतरत असला पाहिजे, एका बाजूला खांदा फुटलेला नसावा.

रिसीव्हर गेन जास्त ठेवला तर एफआयडीचे (यंत्राने नोंदवलेल्या, विरत जाणाऱ्या मूळ सिग्नलचे) टोक कापले जाते आणि पायारेषेवर लाटा उठतात. कमी ठेवला तर गोंगाट वाढतो. स्वयंचलित गेन बहुधा ठीक असतो, पण एकाच मालिकेतील सर्व नमुन्यांना तो सारखाच ठेवावा.

सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर स्कॅनच्या (पल्स देऊन पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदींच्या) संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ते दुप्पट हवे असेल तर स्कॅन चौपट करावे लागतात. म्हणूनच फिकट नमुन्यावर स्कॅन वाढवत बसण्यापेक्षा शक्य तिथे नमुना दुप्पट घेणे शहाणपणाचे.

वर्णपट वाचणे: पॅरासिटामॉलचे उदाहरण

डीएमएसओ-डी६ मध्ये पॅरासिटामॉलचा प्रोटॉन वर्णपट पाच सिग्नलांचा येतो. ९.६५ ला अमाइडचा एनएच, ९.१४ ला फिनॉलचा ओएच, ७.३४ आणि ६.६८ ला वलयावरच्या प्रोटॉनांच्या दोन जोड्या, आणि १.९८ ला अॅसिटिल गटाचा मिथिल. क्षेत्रफळे १, १, २, २, ३ या प्रमाणात. वलयावरचे दोन्ही सिग्नल दुहेरी दिसतात आणि त्यांच्यातले अंतर सुमारे ८.८ हर्ट्झ असते; समोरासमोर दोन गट असलेल्या वलयाची ही ठेवण एकदा डोळ्यात बसली की दुरूनही ओळखू येते. नळीत जड पाण्याचा थेंब टाकून हलवले की ९.६५ आणि ९.१४ चे सिग्नल मावळतात, आणि ते अदलाबदल होणारे प्रोटॉन होते याची खात्री पटते. कार्बन-१३ वर्णपटात आठ कार्बन असूनही सहाच रेषा दिसतात, कारण वलयाच्या सममितीमुळे दोन जोड्या एकेका जागी येतात.

वाचताना रेणूचे सिग्नल सापडले की थांबू नये. सर्व सिग्नलांना नाव मिळेपर्यंत वर्णपट वाचून झाला असे म्हणू नये. क्लोरोफॉर्ममधल्या वर्णपटात १.२६, २.०५ आणि ४.१२ हे तीन सिग्नल ३:३:२ या प्रमाणात असतील तर ते इथाइल अॅसिटेट आहे, ०.०७ ला एकेरी सिग्नल म्हणजे सिलिकॉन ग्रीस, ०.८६ आणि १.२६ चा फुगवटा म्हणजे हायड्रोकार्बन ग्रीस. उरलेल्या द्रावकांच्या मर्यादा आयसीएच (औषधांच्या मानकांची आंतरराष्ट्रीय परिषद) हिच्या क्यू३सी मार्गदर्शिकेमध्ये दिलेल्या असतात, उदाहरणार्थ डायक्लोरोमिथेनसाठी ६०० आणि मिथेनॉलसाठी ३००० पीपीएम. हे पीपीएम वस्तुमानाचे आहे, वर्णपटाच्या आडव्या अक्षावरचे नव्हे. नव्याने शिकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते, म्हणून मुद्दाम लिहिले. अंतिम निर्णयासाठी हेडस्पेस जीसीच (बाष्पावर करायची वायू वर्णलेखन चाचणी) वापरतात, पण वाळवण पुरेशी झाली का हे संश्लेषण चालू असताना पाहायला प्रोटॉन वर्णपट फार कामाचा असतो.

एक सापळा इथेच सांगतो. अमाइड किंवा कार्बामेट असलेल्या कितीतरी औषधद्रव्यांत प्रत्येक सिग्नलची जोडी दिसते आणि पहिला विचार येतो तो अपद्रव्याचा किंवा आयसोमरचा. बहुतेकदा ते रोटामर असतात: नायट्रोजन-कार्बोनिल बंधाभोवतीचे फिरणे इतके मंद असते की यंत्राला दोन वेगळ्या मांडण्या दिसतात. डीएमएसओमध्ये तापमान टप्प्याटप्प्याने ८० अंशांपर्यंत नेऊन पाहावे. सिग्नल रुंदावून एकमेकांत विरघळू लागले, आणि थंड झाल्यावर पुन्हा वेगळे झाले, तर ते अपद्रव्य नाही. बॅच अडवून ठेवण्याआधी हा अर्ध्या दिवसाचा प्रयोग जरूर करावा.

अपद्रव्याची रचना शोधताना

आयसीएच क्यू३ए नुसार, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत डोस असलेल्या औषधद्रव्यात एखादे अपद्रव्य ०.१० टक्के किंवा दैनंदिन सेवनात १.० मिलिग्रॅम, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा अधिक असेल, तर त्याची ओळख पटवावी लागते. इतक्या कमी प्रमाणात ते मूळ मिश्रणातच एनएमआरने ओळखणे सहसा जमत नाही. म्हणून प्रिपरेटिव्ह एचपीएलसीने ते वेगळे करावे, आणि वेगळे करताना लागलेला ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लासारखा घटक, पाणी आणि प्लास्टिकमधून उतरलेली द्रव्ये शेवटच्या पदार्थात किती आहेत याचे भान ठेवावे. २ मिलिग्रॅम अपद्रव्यात प्लास्टिसायझरचे सिग्नल मुख्य रेणूएवढे उंच दिसू शकतात. रिकाम्या द्रावकाचा, त्याच प्रक्रियेतून नेलेला कोरा नमुना जोडीने मोजला तर पुष्कळ वेळ वाचतो.

समजा एलसी-एमएसने (पदार्थ वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या पद्धतीने) सांगितले की अपद्रव्याचे वस्तुमान औषधद्रव्यापेक्षा १४ ने जास्त आहे, आणि मूळ रेणूत फिनॉलचा ओएच आणि कार्बोक्सिलिक आम्ल दोन्ही आहेत. म्हणजे बहुधा एक मिथिल गट जास्तीचा आहे, पण तो कुठे बसला? दोन्ही शक्यतांत प्रोटॉन वर्णपटात ३.६ ते ३.९ दरम्यान तीन प्रोटॉनांचा एकेरी सिग्नल दिसेल, आणि त्यावरून निवाडा होणार नाही. एचएसक्यूसीमध्ये (प्रोटॉन आणि त्याला थेट जोडलेला कार्बन यांची जोडी दाखवणाऱ्या द्विमितीय प्रयोगात) त्या मिथिलचा कार्बन पाहावा: मिथिल एस्टरमध्ये तो ५२ पीपीएमच्या आसपास असतो, वलयाला जोडलेल्या मिथॉक्सीमध्ये साधारण ५५. फरक लहान आहे, म्हणून यावरच विसंबू नये. निर्णायक पुरावा एचएमबीसी देते, कारण ती दोन-तीन बंधांपलीकडचा कार्बन दाखवते. मिथिलच्या प्रोटॉनांचा ठिपका १७० जवळच्या कार्बोनिलशी जुळला तर एस्टर. १५५ ते १६० दरम्यानच्या वलयकार्बनशी जुळला तर फिनॉलचा ईथर. एका ठिपक्याने अपद्रव्याचा जन्म कुठल्या पायरीवर झाला हेही कळते: एस्टर असेल तर मिथेनॉलमधल्या स्फटिकीकरणाकडे बोट जाते, ईथर असेल तर मिथिलेशनच्या पायरीकडे.

अवकाशीय मांडणीसाठी नोझी (अवकाशात जवळ असलेले प्रोटॉन दाखवणारा प्रयोग) वापरतात. पण रेणूभार हजाराच्या आसपास असेल तर नेहमीच्या यंत्रांवर हा परिणाम शून्याजवळ येतो आणि कोरा कागद हाती पडतो. पेप्टाइड किंवा मॅक्रोलाइडसारख्या रेणूंना म्हणूनच रोझी (त्याच कामाचा दुसरा प्रयोग) लावावी.

शुद्धता मोजणे: क्यूएनएमआर (परिमाणात्मक एनएमआर) पायरीपायरीने

अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यातच मिसळायचा ज्ञात शुद्धतेचा पदार्थ, निवडताना त्याचा सिग्नल आपल्या रेणूच्या सिग्नलांपासून सुटा असावा, तो त्याच द्रावकात विरघळावा, उडून जाऊ नये, ओलावा ओढू नये, आणि नमुन्याशी अभिक्रिया करू नये. मॅलेइक आम्ल, डायमिथिल सल्फोन, बेंझॉइक आम्ल, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ही नेहमीची नावे आहेत. मानकाची शुद्धता प्रमाणपत्रावर अनिश्चिततेसह छापलेली असावी. कपाटातल्या साध्या बाटलीवरचा ‘९९ टक्क्यांहून अधिक’ हा शेरा इथे चालत नाही. औषधद्रव्य अमाइन असेल तर मॅलेइक आम्ल टाळावे, कारण दोघांचा क्षार होऊन सिग्नल सरकतात आणि कधी अवक्षेपही बसतो. पॅरासिटामॉलला मॅलेइक आम्ल चालते: त्याच्या दोन प्रोटॉनांचा एकेरी सिग्नल डीएमएसओमध्ये ६.३ जवळ येतो, आणि ती जागा रिकामी असते.

आता वजन. ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर १० मिलिग्रॅम मोजताना ०.०२-०.०३ मिलिग्रॅमची चूक सहज होते, म्हणजे निकालात ०.२-०.३ टक्के गेलेच. म्हणून ०.००१ मिलिग्रॅमचा मायक्रोबॅलन्स वापरावा, आणि तो नसेल तर वजने वाढवावीत. नमुना आणि मानक एकाच लहान कुपीत, एकापाठोपाठ, थेट तोलावेत. कोरड्या हवेत कुपीवरची स्थिर विद्युत आधी घालवावी आणि कुपी चिमट्यानेच ठेवावी. काट्याचा आकडा सरकत राहिला तर पदार्थ ओलावा घेतो आहे किंवा कुपी अजून थंड व्हायची आहे, हे ओळखून थांबावे. दोन्ही वजने हाताशी आल्यावर द्रावक अंदाजाने घातले तरी चालते, आणि त्यातला किती भाग नळीत गेला यालाही महत्त्व नाही, कारण आपल्याला फक्त दोन्ही पदार्थांचे गुणोत्तर हवे आहे आणि ते एकदा पूर्ण विरघळल्यावर प्रत्येक थेंबात सारखेच असते. आकारमानाची सगळी काचसामग्री या पद्धतीतून गळून पडते, हा तिचा मोठा गुण. पण त्यामुळेच एकदा चुकलेले वजन पुढे कुठेही दुरुस्त होत नाही.

यानंतर थांबा. पल्स दिल्यानंतर प्रत्येक प्रोटॉनला मूळ स्थितीत परतायला वेळ लागतो. तो टी१ या विश्रांतीकालाने मोजतात, आणि तो प्रत्येक सिग्नलचा वेगळा असतो. ९० अंशांच्या पल्सनंतर टी१ च्या पाचपट थांबले तर ९९.३ टक्के चुंबकन परत येते, सातपट थांबले तर ९९.९ टक्के. टी१ अंदाजाने धरू नये. इन्व्हर्जन-रिकव्हरी प्रयोगात (चुंबकन उलटे करून ते परतताना पाहतात) सिग्नल ज्या वेळेला शून्यातून जातो ती वेळ पाहावी आणि तिला १.४४ ने गुणावे. समजा मानकाचा सिग्नल २.८ सेकंदांना शून्य झाला, तर त्याचा टी१ सुमारे ४ सेकंद. सर्वांत मोठा टी१ हाच असेल तर दोन पल्समध्ये २८ सेकंद तरी हवेत.

हे न पाळल्यास काय होते ते पाहा. मानकाचा टी१ ४ सेकंद आणि नमुन्याच्या सिग्नलचा २ सेकंद धरू. दोन पल्समध्ये एकूण १० सेकंदच ठेवले तर नमुन्याचा सिग्नल ९९.३ टक्के उभा राहतो, पण मानकाचा ९१.८ टक्केच. मोजपट्टी आखूड झाली की मोजलेली वस्तू लांब दिसते: ९९ टक्क्यांचा पदार्थ १०७ टक्के येतो. घाईच्या ३ सेकंदांवर तर मानक ५३ टक्के आणि नमुना ७८ टक्के उरतो, आणि आकडा जवळपास दीडपट होतो. मी शिकत असताना असाच १०३ टक्क्यांचा निकाल हाती घेऊन दोन दिवस वजनकाट्यावर संशय घेतला होता. थांबा ५ वरून ३० सेकंद केल्यावर तो जागेवर आला. १०० च्या वर गेलेला निकाल निदान ओरडून सांगतो तरी. उलट, जेव्हा नमुन्याचा टी१ मानकापेक्षा मोठा असतो तेव्हा निकाल ९६ किंवा ९७ येतो, तो पटण्याजोगा दिसतो, आणि चांगली बॅच नापास होते. या दुसऱ्या चुकीची मला अधिक धास्ती वाटते.

बाकीची मांडणी अशी ठेवावी: ९० अंशांची पल्स त्याच नमुन्यावर तपासून घेतलेली, वर्णपटाची रुंदी २० पीपीएम आणि दोन्ही मोजायचे सिग्नल तिच्या मधल्या भागात, नोंदणीचा काळ सुमारे ४ सेकंद, नळी न फिरवता, आणि मोजायच्या सर्वांत लहान सिग्नलची उंची गोंगाटाच्या निदान १५० पट, जमल्यास २५० पटींहून अधिक. १० मिलिग्रॅमच्या घरातल्या नमुन्याला १६ स्कॅन सहसा पुरतात. ३० सेकंद थांबा धरला तर नऊ-साडेनऊ मिनिटांत काम होते. इतक्या थोड्या वेळासाठी थांब्यात काटकसर करण्याचे काहीच कारण नाही.

प्रक्रिया करताना फेज (सिग्नल दोन्ही बाजूंना सारखे उतरावेत अशी जुळणी) हाताने जुळवावी. यंत्राची स्वयंचलित फेज जवळ आणून सोडते. शेवटचे एक-दोन अंश डोळ्यांनीच लावावे लागतात आणि क्षेत्रफळावर त्यांचा परिणाम दिसतो. मग पायारेषा सपाट करावी आणि नंतरच क्षेत्रफळ घ्यावे. सिग्नलचा पायथा डोळ्यांना दिसतो त्याहून दूरवर पसरलेला असतो: त्याच्या ९९ टक्के क्षेत्रफळासाठी निम्म्या उंचीवरच्या रुंदीच्या सुमारे ३२ पट इतके अंतर दोन्ही बाजूंना घ्यावे लागते. रुंदी १ हर्ट्झ असेल तर ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हे प्रत्येक बाजूला ०.०८ पीपीएम झाले. याशिवाय कार्बन-१३ च्या १.१ टक्के नैसर्गिक प्रमाणामुळे प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही बाजूंना, वलयावरच्या प्रोटॉनांसाठी साधारण ८० हर्ट्झ अंतरावर, ०.५५ टक्क्यांचे दोन उपसिग्नल असतात. ते एकतर दोन्ही पदार्थांसाठी आत घ्यावेत किंवा दोन्हींसाठी बाहेर ठेवावेत. एकाचे आत आणि दुसऱ्याचे बाहेर राहिले की निकालात एक टक्क्याची तफावत पडते आणि ती कुठून आली ते कळत नाही.

सूत्र सोपे आहे. नमुन्याची शुद्धता म्हणजे क्षेत्रफळांचे गुणोत्तर, गुणिले प्रोटॉनसंख्यांचे उलटे गुणोत्तर, गुणिले रेणूभारांचे गुणोत्तर, गुणिले वजनांचे उलटे गुणोत्तर, गुणिले मानकाची शुद्धता. उदाहरणादाखल आकडे घेऊ. पॅरासिटामॉल २०.१५ मिलिग्रॅम, रेणूभार १५१.१६, मॅलेइक आम्ल १०.०८ मिलिग्रॅम, रेणूभार ११६.०७, शुद्धता ९९.९४ टक्के. मानकाचे क्षेत्रफळ १.००० धरल्यावर ७.३४ च्या सिग्नलचे १.५२४ आले, दोन्हीकडे दोन-दोन प्रोटॉन आहेत.

१.५२४ × (२ ÷ २) × (१५१.१६ ÷ ११६.०७) × (१०.०८ ÷ २०.१५) × ९९.९४ = ९९.२ टक्के

आता हाच हिशोब ६.६८ आणि १.९८ च्या सिग्नलांवरून पुन्हा करावा. तिन्ही आकडे जुळले तर समाधान. एकच आकडा वर गेला असेल तर त्या सिग्नलखाली दुसरा कोणीतरी लपला आहे, आणि तो सिग्नल हिशोबातून काढून त्याचा शोध घ्यावा. एनएच आणि ओएचचे सिग्नल प्रमाणासाठी कधीही वापरू नयेत. तीन स्वतंत्र वजने घेऊन तीन नमुने करावेत. एकच नळी तीनदा मोजल्याने यंत्र स्थिर आहे एवढेच सिद्ध होते, वजनातली चूक तिन्ही वेळा तशीच राहते.

हा निकाल नमुन्याच्या आहे त्या स्थितीतला आहे, हे अहवालात स्पष्ट लिहावे. कोरड्या पदार्थावर आकडा हवा असेल तर कार्ल फिशर चाचणीने पाणी वेगळे मोजून हिशोब करावा.

प्रोटॉन पुरेसा नसेल तेव्हा

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अॅटोर्वास्टॅटिन, फ्लुओक्सेटिन अशा अनेक औषधांत फ्लुओरिन असते. फ्लुओरिन-१९ चे नैसर्गिक प्रमाण १०० टक्के, संवेदनशीलता प्रोटॉनच्या सुमारे ८३ टक्के, आणि गोळीतल्या स्टार्च, लॅक्टोज, सेल्युलोज यांत फ्लुओरिन नसल्याने पार्श्वभूमी कोरी. गोळी कुटून, द्रावकात काढून, फ्लुओरिनयुक्त मानकाबरोबर थेट मजकूर मोजता येतो. संपूर्ण पट फार रुंद असल्याने पल्सचा परिणाम कडांना कमी होतो. म्हणून मानकाचा सिग्नल नमुन्याच्या जवळचा निवडावा. बाकी सारे नियम तेच.

घन रूपातील प्रश्नांना नमुना विरघळवून उत्तर मिळत नाही, कारण स्फटिकरूप द्रावणात नाहीसे होते. नमुना ५४.७ अंशांच्या कोनात वेगाने फिरवून घेतलेला कार्बन-१३ वर्णपट दोन स्फटिकरूपे आणि अस्फटिक भाग वेगळे दाखवतो. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाच्या कॅप्सूलमध्ये १९९८ साली नवे, कमी विरघळणारे स्फटिकरूप अवतरले आणि ते उत्पादन बाजारातून काढावे लागले. तेव्हापासून हा तपास कोणी हलक्याने घेत नाही.

वर्णपट पूर्ण पाहण्याचे महत्त्व रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाने शिकवले. २००८ साली हेपॅरिनच्या काही बॅचमध्ये अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ आढळली. तोवरच्या नेहमीच्या चाचण्यांतून ती निसटली होती. प्रोटॉन वर्णपटात हेपॅरिनच्या अॅसिटिल मिथिलचा सिग्नल २.०४ ला येतो; भेसळीचा त्याच्या शेजारी २.१५ च्या आसपास. ०.११ पीपीएमचे ते अंतर, आणि त्यावर माणसांचे जीव टांगलेले. त्यानंतर अमेरिकी फार्माकोपियाच्या हेपॅरिन ग्रंथनोंदीत प्रोटॉन एनएमआर ओळखचाचणी म्हणून आली.

पद्धत प्रमाणित करणे आणि नोंद ठेवणे

पद्धतीचे प्रमाणीकरण आयसीएच क्यू२ च्या चौकटीत करावे, पण एनएमआरचा स्वभाव लक्षात घेऊन. विशिष्टता सिद्ध करताना कोरे द्रावक, एकटे मानक, एकटा नमुना आणि उपलब्ध अपद्रव्ये असे वेगवेगळे वर्णपट काढून मोजायची जागा रिकामी असल्याचे दाखवावे. रेखीयता नमुना आणि मानक यांचे वजनगुणोत्तर बदलून तपासावी. मजबुती तपासताना थांबा, पल्सचा कोन आणि फेज हेच घटक मुद्दाम हलवावेत. निकाल थांबा वाढवल्यावर बदलत असेल तर पद्धत अजून तयार नाही. द्रावण स्थिर आहे का, हे तीच नळी २४ तासांनी पुन्हा मोजून पाहावे. यंत्राची स्थिती ठरलेल्या अंतराने अॅसिटोनमधल्या क्लोरोफॉर्मच्या रेषाकारावरून आणि ०.१ टक्के इथिलबेंझीनच्या संवेदनशीलतेवरून नोंदवावी.

अहवालासोबत छापील वर्णपट जोडतात. त्याहून महत्त्वाची असते ती मूळ एफआयडी, कारण फेज, पायारेषा आणि क्षेत्रफळाच्या सीमा हे सर्व माणसाचे निर्णय असतात. मूळ एफआयडी, तिचे सर्व मापदंड, काट्याच्या छापील पावत्या, मानकाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रत्येक सिग्नलच्या सीमा हर्ट्झमध्ये एकत्र जपाव्यात, म्हणजे वर्षभराने दुसरा विश्लेषक तीच फाइल उघडून, आपल्याला काहीही न विचारता, ९९.२ पर्यंत स्वतः पोहोचू शकेल.